नेशरांचे राखणदार : रशूत हातेवामधली नोकरी म्हणजे नेमके काय?



"नात युनिव्हर्सिटीत जीवशास्त्र शिकली, आता रशूत हातेवामध्ये लागली आहे. पण ती तिथे करते काय, ते मला शेजारणीला सांगता येत नाही." असे बोलणे आपल्या मंडळींच्या तोंडून अलीकडे ऐकू येऊ लागले आहे. डॉक्टर, नर्स, शिक्षक, कारखान्यातला फिटर, बँकेतला कारकून ही कामे आपल्याला समजतात. मुंबईतही ती होती, इथेही आहेत. पण सरकार एखाद्याला पगार देऊन गिधाडांच्या मागे पाठवते, हे ऐकले की आपण जरा गप्प होतो. मनात येते, एवढे शिकून शेवटी गिधाडे?

म्हणून हा लेख. नातवंडे काय करतात आणि का करतात ते आजी-आजोबांना कळावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे. रशूतचे जीवशास्त्रज्ञ हरणे, लांडगे, कासवे, बेडूक, रानफुले अशा अनेक गोष्टींवर काम करतात. मी मात्र इथे एकच पक्षी घेतो, कारण त्याचे आपल्याशी दोन्हीकडून नाते आहे, तोरामधूनही आणि कोकणातूनही.

गरुड नव्हे, गिधाड

मिसरातून सुटका झाल्यावर परमेश्वराने आपल्या लोकांना नेशराच्या पंखांवर उचलून आणले, असे शेमोथच्या पुस्तकात आहे. १९४९-५० साली येमेनच्या यहुद्यांना विमानांनी इथे आणले, तेव्हा त्या मोहिमेला हेच नाव दिले गेले. यरुशलेमात कन्फे नेशारिम नावाचा मोठा रस्ताही आहे. मराठीत वाचताना आपण 'गरुड' असे वाचत आलो, आणि डोळ्यांसमोर रुबाबदार गरुडच उभा राहतो.

पण आजच्या हिब्रूत नेशर म्हणजे गिधाड. मानेवर पिसे जवळजवळ नसलेले, फिकट तपकिरी रंगाचे, पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे अडीच मीटर भरणारे मोठे गिधाड. अनेक अभ्यासकांच्या मते तोरातला नेशरही हाच. त्यासाठी ते मीखा संदेष्ट्याचा दाखला देतात, कारण त्याने नेशराच्या टकलाचा उल्लेख केला आहे. गरुडाला टक्कल नसते. वायिक्रामध्ये खाण्यास मना केलेल्या पक्ष्यांची यादी आहे, तिच्यात पहिले नाव नेशराचेच आहे. ताटात नको, पण उपमेला मात्र सर्वांत वरचा, असा हा पक्षी आहे.

एकेकाळी या देशात त्याची काही कमतरता नव्हती. १८६३-६४ साली ट्रिस्ट्राम नावाच्या इंग्रज पाद्र्याने हा मुलुख फिरून पाहिला. गालीलच्या कड्यांवर त्याला गिधाडांच्या मोठमोठ्या वसाहती दिसल्या. आज साऱ्या इस्राएलात मोकळी फिरणारी गिधाडे दोनशेच्या आसपास आहेत. मध्ये काय झाले आणि उरलेली टिकवायची कशी, हाच त्या सरकारी जीवशास्त्रज्ञाच्या कामाचा विषय आहे.

हे खाते आले कुठून?

राज्य स्थापन झाले तेव्हा देशापुढे अन्न, घरे आणि लढाया हेच प्रश्न होते. तरी १९५३ साली निसर्गप्रेमी मंडळींनी हाहेव्रा लेहगनात हातेवा ही संस्था काढली आणि १९५५ साली क्नेसेतने वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा केला. या कायद्याचा गाभा सोपा आहे : रानातला प्राणी हा मुळात संरक्षित समजायचा. ज्याला सरकारने उपद्रवी किंवा शिकारीचा ठरवले असेल, तेवढाच अपवाद. त्याच काळात शेतातले उंदीर मारण्यासाठी विषारी धान्य टाकत असत. ते उंदीर खाऊन शिकारी पक्षीही मोठ्या संख्येने मेले. तेल अवीव विद्यापीठाचे प्राध्यापक हाइनरिख मेंडेलसोन यांनी हे नोंदवून ठेवले. त्यांना पुढे इस्राएल पारितोषिक मिळाले.

१९६३ साली राखीव जंगलांसाठी सरकारी खाते निघाले. पुढे त्याचे प्रमुख होते लष्करातून निवृत्त झालेले जनरल अव्राहाम योफे. १९९८ साली हे खाते आणि राष्ट्रीय उद्यानांचे खाते एकत्र झाले आणि आजची रशूत हातेवा वेहागानिम तयार झाली.

योफेंची एक गोष्ट आपल्या पिढीला आवडेल. तोरात खाण्यास परवानगी असलेल्या प्राण्यांत यहमूर नावाचे हरीण आहे, आणि शलोमो राजाच्या भोजनातही त्याचा उल्लेख येतो. ते या देशातून केव्हाच नाहीसे झाले होते. त्या जातीची थोडी हरणे इराणात उरली होती. १९७८ च्या डिसेंबरात, शहाची सत्ता कोसळत असताना, चार यहमूर तेहरानहून एल-आलच्या शेवटच्या काही विमानांपैकी एकातून इथे आणले गेले. कार्मेलच्या हाय-बारमध्ये त्यांची वीण वाढवली. १९९६ पासून त्यांच्या वंशातली हरणे पश्चिम गालीलात नहल क्झीवच्या दरीत सोडण्यास सुरुवात झाली. सत्ता कोसळत असलेल्या देशातून विमानात बसून इथे येणे म्हणजे काय, ते आपल्यातल्या बऱ्याच इराणी शेजाऱ्यांना ठाऊक आहे. हरणांनीही तशीच आलिया केली म्हणायची!

जीवशास्त्रज्ञ दिवसभर करतो काय?

रशूतमध्ये दोन प्रकारचे लोक आपल्याला दिसतात. खाकी कपड्यांत जीपमधून फिरतो तो पाकाह. त्याला कायदा बजावण्याचा अधिकार असतो, तो दंड करू शकतो. दुसरा जीवशास्त्रज्ञ, म्हणजे इकोलोग. त्याच्या हाती शिट्टी नसते, वही असते. कोणता प्राणी किती उरला, का घटला आणि काय केले तर वाढेल, याचे उत्तर त्याने द्यायचे. पाकाह आणि इकोलोग यांचे काम एकमेकांवाचून चालत नाही.

गिधाडांचे काम ऋतूंप्रमाणे चालते. हिवाळ्यात, साधारण हनुक्कापासून पुढे, मादी उंच कड्याच्या कपारीत अंडे घालते. वर्षाला एकच अंडे. नर आणि मादी पाळीपाळीने ते सुमारे ५४ दिवस उबवतात. पिल्लू बाहेर आल्यावर जवळजवळ चार महिने घरट्यात राहते. गिधाड जोडी करून वीण घालण्याजोगे होते ते चार-पाच वर्षांनी. हा हिशेब नीट ध्यानात घ्या, कारण सारी गोम त्यातच आहे. कोंबडीची पिल्ले मेली तर महिन्याभरात दुसरी येतात. एक जाणते गिधाड मेले, तर त्याची जागा भरून निघायला कित्येक वर्षे लागतात.

या काळात इकोलोग समोरच्या कड्यावर दुर्बीण लावून बसतो. कोणत्या कपारीत कोणती जोडी आहे, अंडे आहे की नाही, पिल्लू उडाले की नाही, सारे लिहून ठेवतो. पहाटेची थंडी, दुपारचे ऊन, आणि कित्येक दिवस काहीच घडत नाही. तरी लिहायचेच. काही घडले नाही, हीसुद्धा नोंदच असते.

शरद ऋतूत, सण संपल्यावर, गिधाडे पकडण्याचे काम असते. मोठ्या पिंजऱ्यात मेलेले जनावर ठेवतात, गिधाडे आत शिरली की दार बंद करतात. मग एकेकाला धरून वजन करायचे, रक्त तपासायचे, रक्तात शिसे आहे का पाहायचे, कारण गोळी घातलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाते. पंखाला नंबराचा बिल्ला आणि पाठीवर छोटेसे यंत्र बांधून पक्षी मोकळा करायचा. त्या यंत्रामुळे तो कुठे उडतो, कुठे बसतो, ते दफ्तरातल्या पडद्यावर दिसते.

या यंत्रावरून एकदा मोठी गंमत झाली. गिधाडाला सरहद्द माहीत नसते. २०११ च्या जानेवारीत तेल अवीव विद्यापीठाचे यंत्र बांधलेले, आर ६५ नंबरचे एक गिधाड सौदी अरबस्तानात सापडले आणि हा मोसादचा हेर आहे, अशी ओरड झाली. शेवटी तिथल्याच वन्यजीव खात्याच्या प्रमुखांनी, हे शास्त्रीय अभ्यासाचे यंत्र आहे, असे सांगून वावड्या थांबवल्या.

उरलेला बराच वेळ मात्र टेबलाशी जातो. विजेची नवी लाइन, नवा रस्ता, गोलानमध्ये पवनचक्क्या, नेगेवमध्ये सौरऊर्जेची शेते, यांचे आराखडे रशूतकडे येतात. इकोलोगला त्यावर लेखी मत द्यावे लागते, समितीपुढे बसून वाद घालावा लागतो. विजेच्या खांबावर बसलेल्या गिधाडाचा पंख दोन तारांना लागला की ते जागीच मरते. म्हणून १९९६ साली रशूत, हाहेव्रा आणि वीज कंपनी यांनी मिळून पोर्सिम कनाफ, म्हणजे 'पंख पसरणारे', नावाचा प्रकल्प सुरू केला. धोक्याचे खांब शोधून तारांवर आवरण चढवणे हा त्याचा एक भाग. एखाद्या बैठकीत पन्नास खांबांचे काम मंजूर झाले, तर ती बैठक डोंगरावरच्या महिन्याभराच्या कामाइतकी मोलाची ठरते.

विष

तारा, गोळ्या, पवनचक्क्या हे सारे धोके आहेतच, पण सर्वांत मोठा घात विषाने होतो. गिधाडाला कोणी मुद्दाम विष घालत नाही. लांडगा किंवा मोकाट कुत्री वासरे-मेंढ्या मारतात. गुराखी चिडतो आणि मेलेल्या जनावरावर शेतीचे कीटकनाशक ओतून ठेवतो. लांडगा येईल तेव्हा येईल. त्याआधी आकाशातून एक गिधाड उतरते, त्याला उतरताना पाहून दुसरे, मग तिसरे. गिधाडे एकत्र जेवतात, म्हणून एकत्र मरतात.

२०१९ च्या मे महिन्यात गोलानमध्ये अशाच एका घटनेत आठ गिधाडे मेली. त्या भागात तेव्हा जेवढी होती, त्यांतली जवळजवळ निम्मी. गामलाचा कडा एकेकाळी गिधाडांनी गजबजलेला असे. तिथे त्या वर्षी काय उरले असेल, याची कल्पना करा. २०२१ च्या ऑक्टोबरात दक्षिणेतही एका घटनेत डझनभर गिधाडे गेली. दहा-वीस वर्षांची राखण एका दुपारी संपते, ती अशी.

इथे पाठीवरचे यंत्र कामी येते. एखादे गिधाड नेहमीच्या वेळी उडाले नाही, किंवा भलत्याच जागी जमिनीवर बसून राहिले, की इकोलोग ताबडतोब पाकाहला फोन करतो. वेळेवर पोहोचले तर विषावर उतारा देऊन पक्षी रामात गानच्या सफारीतल्या वन्यप्राणी इस्पितळात नेतात. काही वाचतात. विषारी जनावर तिथून हलवले की पुढची वाचतात. त्यानंतर तपास आणि खटला. कायद्याने असे विष घालणे गुन्हा आहे, पण रानात कोणी पाहिलेले नसताना तो सिद्ध करणे फार कठीण जाते.

म्हणून नुसत्या दंडाने भागत नाही. गुराख्याचे वासरू खरोखरच गेलेले असते, त्याची तक्रार खोटी नसते. त्याच्याकडे जाऊन बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, कुंपण, राखणीचे कुत्रे, मेलेली जनावरे वेळेवर उचलणे याची सोय पाहावी लागते. नेगेवमधल्या बेदुईन मेंढपाळांशी अरबीत बोलता येणारा माणूस अशा वेळी दहा पुस्तकांपेक्षा उपयोगी पडतो. जीवशास्त्राच्या पदवीत हे शिकवत नाहीत, पण नोकरीत रोज लागते.

मेलेल्यांची जागा भरण्यासाठी दुसराही उपाय चालू आहे. कार्मेलच्या हाय-बारमध्ये जखमी, उडू न शकणाऱ्या गिधाडांच्या जोड्या ठेवून त्यांची पिल्ले वाढवतात. स्पेनमध्ये गिधाडे पुष्कळ आहेत, तिथूनही काही आणली. हे पक्षी प्रथम मोठ्या पिंजऱ्यात मोकळ्या गिधाडांच्या नजरेसमोर ठेवतात आणि मगच सोडतात. ठरलेल्या जागी तपासलेले, औषध किंवा विष नसलेले मांसही ठेवले जाते. यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. रानातला पक्षी सरकारी ताटावर किती दिवस जगवायचा, असे काही विचारतात. दुसरे म्हणतात, भूक लागून तो विषारी जनावराकडे जाण्यापेक्षा हे बरे. रोजच्या कामात इकोलोगला असेच निर्णय घ्यावे लागतात. पुस्तकात त्याचे तयार उत्तर नसते, आणि चुकले तर संख्या एवढी कमी आहे की दुसऱ्यांदा प्रयोग करायला पक्षीच उरत नाहीत.

गिधाडे गेली तर बिघडते काय?

हे उत्तर आपल्याला भारताने दिले आहे. आपण मुंबईत होतो तेव्हा मलबार हिलवर पारशांच्या डुंगरवाडीभोवती गिधाडे घिरट्या घालताना अनेकांनी पाहिली असतील. गावाकडे मेलेले गुरू वेशीबाहेर टाकले की काही तासांत हाडे उरत. तेव्हा त्याचे कोणाला अप्रूप नव्हते.

१९९० नंतर ती गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. भारतातल्या तीन मुख्य जातींपैकी शंभरातली सत्त्याण्णवहून अधिक गेली. कारण कळले २००४ साली : गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक औषध. ते दिलेले गुरू मेल्यावर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोपर्यंत मेलेली गुरे उघड्यावर कुजत राहिली, मोकाट कुत्री वाढली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचे भय. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा अंदाज काढला आहे. डुंगरवाडीत पारशांना सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. ज्या पक्ष्याला आपण अमंगळ म्हणत होतो, तो फुकटात केवढे काम करीत होता, ते तो गेल्यावर समजले.

आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात, म्हसळ्याजवळ चिरगावच्या रानात मात्र गिधाडांची एक वसाहत गावकऱ्यांनी आणि पक्षीमित्रांनी जपली आहे. आपल्या पूर्वजांनी ज्या मुलुखात घाणे चालवले, शेती केली, त्याच मुलुखात. कड्यावर बसून अंडी मोजणारा इथला इकोलोग आणि झाडावरची घरटी मोजणारा तिथला गावकरी एकमेकांना ओळखत नसतील, पण दोघांची वही एकच आहे.

नातीला काय सांगावे?

ही नोकरी मिळवायला जीवशास्त्रात पदवी आणि बहुधा मास्टर्स लागते. जागा थोड्या असतात, मिख्राझ निघतो तेव्हा अर्ज पुष्कळ येतात. पगार हायटेकसारखा नाही. क्विऊत मिळायला वेळ लागतो. शब्बाथला फोन वाजला तर काय करायचे, हा प्रश्न धार्मिक घरातल्या मुलांना पडतो. घरातल्यांनी हे सारे विचारणे चूक नाही.

पण हेही विचारात घ्यावे. आपण आलो तेव्हा आपल्यातल्या अनेकांना दिमोना, येरुहाम, बेअर शेवा या बाजूला वाळवंटात पाठवले गेले. आजूबाजूला नुसता दगड दिसत असे. त्याच वाळवंटाच्या कड्यांत, नहल त्सिनच्या दरीत, देशातली बरीचशी गिधाडे आज राहतात. आपल्या नातवंडांपैकी कोणी ते राखीत असेल, तर ज्या जागेला आपण नशीब म्हणून पत्करले, तिची ती मुले आपणहून जबाबदारी घेत आहेत. शेजारणीने विचारले तर सांगावे : आमची नात नेशर राखते, तोरातला.

आपल्या हातून घरबसल्याही थोडे होऊ शकते. जखमी किंवा मेलेले गिधाड, घुबड, हरीण दिसले, किंवा एकाच जागी अनेक प्राणी मेलेले दिसले, तर हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका, कारण विष हातालाही लागते. फोनवरून तारा ३६३९ फिरवा आणि जागा सांगा. हा रशूतचा मोकेद आहे. हिब्रू अडखळत असेल तरी चालेल, जागेचे नाव पुरे. आणि नातवंडे भेटायला आली की त्यांना गिधाडांच्या घरट्यावरचा कॅमेरा मोबाइलवर लावून द्यायला सांगा. हिवाळ्यात आई-बाप अंड्यावर पाळी कशी बदलतात, ते पाहण्यासारखे आहे. गामलाला सहल निघाली तर जरूर जा, कड्यासमोर उभे राहून हे पक्षी डोळ्यांच्या पातळीवर उडताना दिसतात. ज्येष्ठांना प्रवेशात सवलत आहे.